वीज गेली की छोटा संगणक वेळ का विसरतो? रास्पबेरी पायला घड्याळ आणि सेल जोडताना

पहाटे दोन वाजून चाळीस मिनिटांनी वीज गेली आणि पाच वाजता आली. टाकीतल्या पाण्याची पातळी दर दहा मिनिटांनी लिहून ठेवणारा रास्पबेरी पाय, म्हणजे एकाच बोर्डावरचा छोटा संगणक, आपोआप सुरू झाला. त्याने पहिली नोंद केली आणि तिच्यापुढे वेळ घातली: दोन वाजून अठरा मिनिटे. वीज जाण्याच्याही आधीची! पुढच्या नोंदी तिथूनच पुढे चालू राहिल्या. सहा वाजता नेट आले तेव्हा घड्याळ तीन अठरावरून थेट सहावर गेले. आता वहीत अडीचच्या दोन नोंदी आहेत आणि साडेतीन ते सहा या वेळेत एकही नाही. पाणी नक्की कधी ओसंडले, हे त्या वहीवरून कोणालाच सांगता येणार नाही.

यात बोर्ड बिघडलेला नाही, प्रोग्रामही चुकलेला नाही. एक नाण्याएवढा सेल आणि एक छोटी चिप तिथे नव्हती, एवढेच. ती बसवायला अर्धा तास पुरतो. मात्र त्या अर्ध्या तासात दोन ठिकाणी माणसे हमखास चुकतात: सेल निवडताना, आणि बोर्डाच्या आत वेळेत ढवळाढवळ करणारा दुसरा प्रोग्राम न काढता पुढे जाताना. म्हणून या दोन गोष्टींवर इथे जास्त वेळ घालवला आहे.

घड्याळ म्हणजे न थकता मोजणारा कोणीतरी

पूर्वी लग्नमुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र वापरत. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की एक घटिका झाली, म्हणजे २४ मिनिटे. पण नुसत्या वाटीने वेळ कळत नाही. शेजारी एक माणूस बसवावा लागतो. वाटी किती वेळा बुडाली हे तो मोजतो आणि बुडाली की लगेच पुन्हा तरंगत ठेवतो. त्याला डुलकी लागली की वाटी तळाशी पडून राहते आणि मोजणी तुटते. जागा झाल्यावर त्याला शेवटचा आकडा आठवेल, पण मध्ये किती वेळ गेला हे तो स्वतः काढू शकत नाही.

इलेक्ट्रॉनिक घड्याळही असेच चालते. वाटीच्या जागी गारेचा, म्हणजे क्वार्ट्झचा, एक बारीक स्फटिक असतो. त्याला किंचित वीज मिळाली की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा विचित्र वाटला तरी मुद्दाम निवडलेला आहे: तो पंधरा वेळा निम्मा करत गेले की बरोबर १ उरतो. निम्मे करण्याचे काम चिपला सगळ्यात सोपे, म्हणून दर सेकंदाला एक ठोका सहज मिळतो. मनगटी घड्याळात हेच असते.

ठोके मोजून तारीख आणि वेळ सांभाळणाऱ्या या स्वतंत्र चिपला रिअल टाइम क्लॉक म्हणतात. पुढे तिला आरटीसी म्हणू. मुख्य वीज गेली तरी तिला जागे ठेवणारा छोटा सेल म्हणजे बॅकअप बॅटरी. देवघरातल्या नंदादीपासारखे हे आहे: घरातले सगळे दिवे गेले तरी थोड्याशा तेलावर एक ज्योत चालू राहते.

मोठ्या संगणकाला जमते, मग याला का नाही?

डेस्कटॉप उघडला तर मदरबोर्डवर एक चपटा गोल सेल दिसतो. त्यावरच आरटीसी चालते. मोबाइलमध्ये मोठी बॅटरी कायम जोडलेलीच असते, त्यामुळे फोन बंद केला तरी आतली मोजणी सुरू राहते.

पहिला रास्पबेरी पाय २०१२ मध्ये ३५ डॉलरच्या किमतीत आला. त्या किमतीत बसवण्यासाठी जे वगळता येईल ते वगळले गेले. बोर्ड नेटला जोडलेला असेल आणि वेळ तिथून घेईल, असे गृहीत धरले. पहिल्या पिढीपासून चौथीपर्यंतचे मुख्य बोर्ड आणि झीरो मालिकेतले बोर्ड, कोणातच आरटीसी नाही. पाचव्या पिढीत, म्हणजे २०२३ मध्ये आलेल्या पाय ५ मध्ये ती आहे, पण सेल वेगळा घ्यावा लागतो. त्याचे नियमही वेगळे आहेत, ते पुढे येतील.

मग दोन अठरा ही वेळ आली कुठून?

पायवर चालणारी लिनक्स ही प्रणाली वेळ सेकंदांत मोजते, १ जानेवारी १९७० पासून. मोजणाराच नसेल तर सुरू होताना बोर्ड १९७० मध्ये असायला हवा. भारतीय वेळेनुसार त्या दिवशीचे पहाटेचे साडेपाच. प्रत्यक्षात तसे सहसा दिसत नाही, कारण पायच्या प्रणालीच्या बऱ्याच आवृत्त्यांत फेक-एचडब्ल्यूक्लॉक नावाचा एक प्रोग्राम असतो. नावातच ‘खोटे घड्याळ’ आहे. तो बोर्ड बंद होताना, आणि चालू असताना तासाला एकदा, तेव्हाची वेळ मेमरी कार्डावर लिहून ठेवतो. सुरू होताना तीच वेळ परत लावतो.

गावचे घर बंद करून मुंबईला गेलेल्या कुटुंबाच्या भिंतीवर रोज पान फाडायचे कॅलेंडर असते. दिवाळीत परत येऊन कुलूप उघडले, की ते ज्या दिवशी घर सोडले त्याच दिवसावर असते. खोटे घड्याळ तेवढेच सांगते. पायची प्रणाली ज्या डेबियनवर बेतलेली आहे, तिच्यात तासाला एकदा करायची कामे पूर्वापार प्रत्येक तासाच्या सतराव्या मिनिटाला होतात. म्हणून वर दोन चाळीसला वीज गेली तरी शेवटची लिहिलेली वेळ दोन सतराची होती. नव्या आवृत्त्यांत वेळ जास्त वेळा जतन होते, त्यामुळे फरक कमी पडतो. पण वीज नसताना किती तास गेले, हे त्यांनाही कळत नाही.

थोडी वेळ चुकली तर बिघडते काय?

नुसत्या गाणी वाजवणाऱ्या बोर्डाचे काही बिघडत नाही. त्याला आरटीसी लावू नका, पैसे वाचवा.

बाकी ठिकाणी मात्र नुकसान होते आणि ते पटकन दिसत नाही. तापमान, पाणी, विजेचा वापर यांच्या नोंदी कालक्रमाने रचलेल्या असतात. वेळ मागे गेली की जुन्या आणि नव्या नोंदी एकमेकींत मिसळतात आणि नंतर त्या वेगळ्या करता येत नाहीत. ठिबकचा व्हॉल्व्ह पहाटे चारला उघडायचा असेल आणि बोर्डाच्या मते अजून दोनच वाजले असतील, तर पाणी सहाला सुटेल. शेतावर थ्री फेज वीज पाळीने येते. सहाला पाळी संपलेली असेल तर त्या दिवशी पाणीच नाही.

तिसरे नुकसान लोकांना सगळ्यात जास्त चकवते. सुरक्षित संकेतस्थळ आपली ओळख पटवायला प्रमाणपत्र दाखवते. त्यावर एसटीच्या मासिक पासासारख्या दोन तारखा असतात: या दिवसापासून, त्या दिवसापर्यंत. कंडक्टरच्या हातातले कॅलेंडर तीन महिने मागे असेल तर तो आजचा खरा पास बघून म्हणेल, हा अजून सुरूच झालेला नाही. बोर्डही तेच करतो. नेट चालू असते, केबल ठीक असते, पण माहिती पाठवता येत नाही आणि नवे सॉफ्टवेअर उतरवतानाही ‘अजून वैध नाही’ अशी तक्रार येते. मग माणूस दिवसभर राउटर तपासत बसतो.

पण नेटवरून वेळ मिळतेच की!

मिळते, आणि चांगली मिळते. नेटवरच्या वेळ सांगणाऱ्या सर्व्हरला विचारून घड्याळ जुळवण्याच्या पद्धतीला एनटीपी म्हणतात. ती १९८० च्या दशकापासून वापरात आहे. भारतीय प्रमाणवेळ सांभाळणारी राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा दिल्लीत आहे आणि तिचेही असे सर्व्हर आहेत. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने देशातल्या संस्थांना आपली घड्याळे या प्रयोगशाळेच्या किंवा एनआयसी या सरकारी माहिती-तंत्रज्ञान केंद्राच्या सर्व्हरशी जुळवायला सांगितले.

अडचण वेळ विचारण्याआधीच्या काळाची आहे. वीज आल्यावर पाय साधारण अर्ध्या मिनिटात कामाला लागतो. राउटर आणि फायबरचा डबा त्यानंतर जागे होतात, आणि टॉवरचा बॅकअप संपला असेल तर तासभरही नेट नसते. तेवढ्या वेळात बोर्ड लिहीत असतोच, आणि हातातली वेळ खरी आहे असे धरूनच लिहितो. शेत, बोट, जंगलातला कॅमेरा, तळघरातले मीटर इथे तर नेट येणारच नाही. आरटीसी बसवल्यावर एनटीपी बंद करायची नाही. दोघांचे काम वेगळे: एनटीपी वेळ बरोबर करते, आरटीसी ती धरून ठेवते.

यूपीएस लावला तर? अखंड वीज हवीच असेल तर जरूर लावा. पण यूपीएसची बॅटरी तासांत संपते आणि हा सेल वर्षे टिकतो. जीपीएसही अचूक वेळ देते, पण तिच्या अँटेनाला उघडे आकाश लागते आणि सुरू झाल्यावर उपग्रह सापडेपर्यंत थांबावे लागते. स्लॅबखाली ठेवलेल्या डब्यात तिचा उपयोग नाही.

कोणती चिप घ्यावी

बाजारात तीन नावे पुन्हा पुन्हा दिसतात.

डीएस१३०७ जुनी आणि स्वस्त आहे. तिला ५ व्होल्ट लागतात. पायच्या सिग्नलच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. या चिपच्या बऱ्याच मॉड्यूलवर, म्हणजे चिप बसवलेल्या तयार पाटीवर, सिग्नलच्या तारा रोधांमधून (रेझिस्टरमधून) ५ व्होल्टला जोडलेल्या असतात. ते रोध न काढता मॉड्यूल पायला लावले तर बोर्डाच्या पिना धोक्यात येतात. पायसाठी ती घेऊच नये.

पीसीएफ८५२३ ही ३.३ व्होल्टवर नीट चालते, पण तिच्या स्फटिकावर तापमानाचा परिणाम होतो. हा परिणाम आपल्याकडे महत्त्वाचा आहे. घड्याळाचा स्फटिक साधारण २५ अंशांना नेमका चालतो. तिथून दोन्ही बाजूंना तो मागेच पडतो, आणि अंतराच्या वर्गाच्या पटीत: दर अंशाच्या वर्गामागे दहा लाखांत सुमारे ०.०३४ भाग. पत्र्याच्या शेडमधल्या बंद डब्यात मे महिन्यात ५५ अंश झाले तर फरक ३० अंशांचा, वर्ग ९००, म्हणजे दहा लाखांत सुमारे ३१ भाग. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे रोज जवळपास अडीच-पावणेतीन सेकंद मागे, महिन्याला सव्वा मिनिटापेक्षा जास्त.

डीएस३२३१ मध्ये स्फटिक चिपच्याच पोटात असतो आणि शेजारी तापमापक. दर ६४ सेकंदांनी ती तापमान बघते आणि त्यानुसार ठोके सावरते. ० ते ४० अंशांत तिची चूक दहा लाखांत २ भागांच्या आत राहते, म्हणजे फार तर दिवसाला ०.१७ सेकंद, वर्षाला एक मिनिटाच्या आसपास. वर्षात एकदाही नेट न मिळणाऱ्या बोर्डासाठी हीच घ्यावी. तिच्या नावापुढे एम असलेला एक प्रकारही येतो. तो वेगळ्या तंत्राचा आहे आणि त्याची चूक दहा लाखांत ५ भागांपर्यंत असते. बहुतेक कामांना तोही पुरतो, पण एकाचे पैसे देऊन दुसरा घरी येऊ नये म्हणून चिपवरची अक्षरे भिंगाखाली वाचा.

सेल: इथे घाई नको

बाहेरून सारखेच दिसणारे दोन सेल आहेत. दोन्ही २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड, म्हणून दोघांच्या नावात २०३२ आहे.

सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा, एकदाच वापरायचा सेल. क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास. तो चार्ज करायचा नसतो. तसा प्रयत्न केला तर आत वायू तयार होतो, सेल फुगतो, गळतो आणि फुटूही शकतो.

एलआयआर२०३२ हा पुन्हा चार्ज होणारा, एरवी साधारण ३.६ व्होल्टचा, पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टचा. क्षमता जेमतेम ४० मिलिअँपिअर-तास.

आता बाजारात सगळ्यात जास्त मिळणारे डीएस३२३१ चे निळे मॉड्यूल बघा. मागे सेलची मोठी खाच असते आणि पाटीवर झेडएस-०४२ असे छापलेले असते. त्यावर एलआयआर सेल चार्ज करायची सोय आहे: मुख्य विजेपासून एक २०० ओहमचा रोध आणि वीज एकाच दिशेने जाऊ देणारा एक काचेचा डायोड, दोन्ही मिळून सेलपर्यंत जाणारा मार्ग. चार्जिंग कधी थांबवायचे हे ठरवणारे तिथे काहीच नाही. डायोड स्वतःपुरते ०.६ व्होल्टच्या आसपास खातो. मॉड्यूलला ५ व्होल्ट दिले तर सेलवर ४.४ व्होल्ट येतात. सीआर सेलला हे घातक आहे आणि ४.२ ची मर्यादा असलेल्या एलआयआरलाही जास्तच.

पायवर आपण ३.३ व्होल्ट देतो. मग सेलवर २.७ येतात. ३ व्होल्टच्या सीआर सेलमध्ये प्रवाह उलटा शिरत नाही, म्हणून पायवर हे मॉड्यूल सीआर सेल घालून चालून जाते. एलआयआर घातला तर तो कधी भरणारच नाही, हळूहळू रिकामा होईल आणि फार उतरला की कायमचा खराब होईल. म्हणजे पायसाठी निवड स्पष्ट आहे: सीआर२०३२.

तरीही तो चार्जिंगचा मार्ग तोडून टाका, असा आग्रह आहे. आज पायवर असलेले मॉड्यूल उद्या कोणीतरी आर्डुइनो या ५ व्होल्टच्या दुसऱ्या बोर्डाला लावेल, सेल तोच असेल. तोडणे सोपे आहे. डायोडजवळ २०१ असे लिहिलेला चिमुकला रोध असतो, तोच २०० ओहमचा. सोल्डरिंग आयर्नने त्याची दोन्ही टोके आळीपाळीने तापवा आणि चिमट्याने उचला. मग सेल न घालता मॉड्यूलला वीज द्या आणि मल्टिमीटरने खाचेच्या धन बाजूवर मोजा. दोन-तीन व्होल्ट स्थिर दिसत असतील तर मार्ग अजून जोडलेला आहे, चुकीचा भाग निघाला.

सेल किती टिकेल? डीएस३२३१ बॅटरीवर असताना जास्तीत जास्त ३ मायक्रोअँपिअर घेते. २२० मिलिअँपिअर-तासांना त्याने भागले की सुमारे ७३,००० तास, आठ वर्षांहून थोडे जास्त. हेही बोर्ड सतत बंद ठेवला तर. बोर्ड चालू असताना चिप मुख्य विजेवर असते आणि सेल जवळपास विश्रांती घेतो. हा हिशेब चांगल्या सेलचा आहे. नाव नसलेल्या पाकिटातले सेल वर्षा-दोन वर्षांतच बसू शकतात.

तारा जोडणे

बोर्ड बंद करून वीज काढा. चार तारा लागतात. मॉड्यूलवरच्या व्हीसीसीला पायची १ क्रमांकाची पिन, ती ३.३ व्होल्टची. एसडीएला ३, एससीएलला ५, जीएनडीला ६. पिन १ मेमरी कार्डाच्या बाजूच्या कोपऱ्यात, बोर्डाच्या आतल्या ओळीत असते. बाहेरच्या ओळीत पहिल्याच दोन पिना ५ व्होल्टच्या आहेत.

पाच छिद्रांचे जे लहान मॉड्यूल थेट पिनांवर बसते, ते आतल्या ओळीच्या १, ३, ५, ७, ९ वरच बसले पाहिजे. एक ओळ चुकली तर ५ व्होल्ट थेट सिग्नलच्या तारेवर जातात. बसवल्यावर वीज देण्याआधी पुन्हा मोजा.

सेलची सपाट, अक्षरे छापलेली बाजू धन. खाचेत ती वर दिसायला हवी. सेल कोरड्या कापडाने धरा. घामट बोटांचा थर दोन बाजूंना जोडून सेल हळूहळू उतरवतो.

दोनच तारांवरून चिपशी बोलण्याच्या या पद्धतीला आयटूसी म्हणतात. एका गल्लीत अनेक घरे असावीत आणि प्रत्येकाला क्रमांक असावा, तसे. डीएस३२३१ चा घर क्रमांक ६८. त्याच क्रमांकाचा एमपीयू-६०५० हा हालचाल मोजणारा सेन्सरही लोकप्रिय आहे. दोन्ही एकाच बोर्डावर हवे असतील तर सेन्सरची एडी० पिन ३.३ व्होल्टला जोडा, मग तो ६९ वर जातो. निळ्या मॉड्यूलवर ५७ हा आणखी एक क्रमांक दिसेल. ती त्यावरचीच छोटी मेमरी आहे, घाबरू नका.

प्रणालीला ओळख करून देणे

खाली कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना सगळी अक्षरे इंग्रजी लहान लिपीत आणि आकडे इंग्रजी. ‘आयटूसी’ मधला ‘टू’ हा आकडा आहे.

आधी ‘सुडो रास्पी-कॉन्फिग’ उघडून इंटरफेस ऑप्शन्समध्ये आयटूसी चालू करा. मग ‘आयटूसीडिटेक्ट -वाय १’ द्या. पडद्यावर चौकट येईल, तिच्यात ६८ दिसले तर चिप बोलते आहे. पूर्ण चौकट रिकामी असेल तर बहुतेक वेळा एसडीए आणि एससीएल उलट लागलेल्या असतात.

त्यानंतर बूट फोल्डरमधली कॉन्फिग.टीएक्सटी ही फाइल उघडा. २०२३ नंतरच्या आवृत्त्यांत ती बूटच्या आतल्या फर्मवेअर फोल्डरमध्ये आहे. शेवटी एक ओळ घाला: ‘डीटीओव्हरले=आयटूसी-आरटीसी,डीएस३२३१’. मध्ये कुठेही मोकळी जागा नको. बोर्ड पुन्हा सुरू करा. आता चौकटीत ६८ च्या जागी यूयू दिसायला हवे. याचा अर्थ कर्नलने, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याने, ती चिप ताब्यात घेतली.

आता खोटे घड्याळ काढा: ‘सुडो एपीटी पर्ज फेक-एचडब्ल्यूक्लॉक’. हे राहिले तर दोन जण वेळ सांगायला बसतात, आणि कधी जुनी वेळ पुढे येते. जुन्या आवृत्त्यांत यूडेव्ह फोल्डरमधल्या एचडब्ल्यूक्लॉक-सेट या फाइलच्या सुरुवातीला सिस्टमडी (प्रणाली सुरू करणारा प्रोग्राम) असेल तर लगेच बाहेर पडा, अशा अर्थाच्या तीन ओळी आहेत. नेटशिवाय सुरू केल्यावर तारीख परत येत नसेल तर त्या प्रत्येक ओळीच्या आधी हॅशचे चिन्ह टाकून त्या निष्क्रिय करा.

पुढचा क्रम उलटा होऊ देऊ नका. आधी नेट जोडा, ‘डेट’ कमांडने बोर्डाची वेळ बरोबर आहे हे डोळ्यांनी बघा, आणि मगच ‘सुडो एचडब्ल्यूक्लॉक -डब्ल्यू’ द्या. ही कमांड बोर्डाची वेळ चिपमध्ये लिहिते. बोर्डाचीच वेळ चुकलेली असताना ती दिली, तर चूक सेलच्या जोरावर वर्षानुवर्षे जपली जाईल. चिपमधली वेळ वाचायला शेवटी -डब्ल्यू ऐवजी -आर. कमांडच सापडत नसेल तर युटिल-लिनक्स-एक्स्ट्रा हे पॅकेज घाला.

‘टाइमडेटसीटीएल’ ने आरटीसीची वेळ बघितली तर ती साडेपाच तास मागे दिसेल. ती बरोबर आहे. चिपमध्ये जागतिक वेळ ठेवायची आणि साडेपाच तास दाखवताना मिळवायचे, अशीच पद्धत आहे. ती ‘दुरुस्त’ करायला जाऊन बरेच जण बोर्डाची वेळ अकरा वाजता साडेचार करून बसतात.

पाय ५ चे वेगळे नियम

पाय ५ मध्ये चिप जोडायची नाही, फक्त सेल. टाइप-सी पॉवरच्या शेजारी बीएटी लिहिलेली दोन पिनांची छोटी खाच आहे. तिच्यासाठीचा अधिकृत सेल एमएल२०२० जातीचा, पुन्हा चार्ज होणारा, ४५ मिलिअँपिअर-तासांचा आहे. बोर्ड बंद असताना या अंतर्गत आरटीसीला डीएस३२३१ पेक्षा जास्त प्रवाह लागतो, म्हणून एकदाच वापरायचा सेल इथे लवकर संपतो.

चार्जिंग मुळात बंद असते, आणि हे योग्यच आहे. बोर्डाला सेलची जात ओळखता येत नाही. एमएल सेल लावल्यावरच कॉन्फिग फाइलमध्ये ‘डीटीपॅरॅम=आरटीसी_बीबॅट_व्हीसीएचजी=३००००००’ ही ओळ घाला. आकडा मायक्रोव्होल्टमध्ये आहे, म्हणजे ३ व्होल्ट. कोणी खाचेला तार जोडून सीआर२०३२ लावला असेल तर ही ओळ अजिबात घालू नये. चार्जिंगचा प्रवाह ३ मिलिअँपिअर. रिकामा सेल भरायला किमान पंधरा तास. म्हणून नव्या सेलची परीक्षा पहिल्याच तासात घेऊ नका, एक दिवस बोर्ड चालू राहू द्या.

इतर कंपन्यांच्या बोर्डांवरही अशी दोन पिनांची खाच असते, पण धन आणि ऋण कोणत्या बाजूला हे सारखे नसते. प्लग बसला म्हणजे जुळला असे नाही. लावण्याआधी त्या बोर्डाचा नकाशा आणि मल्टिमीटर दोन्ही बघा.

चालते आहे हे कसे कळणार?

नेट जोडलेले ठेवून परीक्षा घेतली तर ती फसवी ठरते, कारण सेल मेलेला असला तरी एनटीपी वेळ बरोबर करून टाकते. बोर्ड रीतसर बंद करा, विजेची आणि नेटची केबल काढा, वाय-फायचा राउटर बंद ठेवा. वीस मिनिटे थांबा. मग फक्त वीज द्या आणि ‘डेट’ बघा. मनगटी घड्याळाशी वेळ जुळली तर काम झाले. बरोबर वीस मिनिटे मागे असेल तर खोटे घड्याळ अजून कुठेतरी चालू आहे. वर्ष २००० किंवा १९७० दिसत असेल तर सेल उलटा, मेलेला, किंवा खाचेच्या पत्तीला टेकत नाही. सेलवरची पारदर्शक फिल्म काढायची राहणे हेही नेहमीचेच.

डीएस३२३१ मधला स्फटिक वीज न मिळाल्याने थांबला, तर चिप तशी खूण स्वतःकडे नोंदवते. लिनक्स ती वाचते आणि सुरू होतानाच्या संदेशांत ‘सेट टाइम!’ असे लिहिते. ‘डीएमईएसजी’ कमांडमध्ये हे शब्द दिसले तर चिपची वेळ विश्वासाची नाही, पुन्हा लिहावी लागेल.

वर्षातून एकदा मल्टिमीटर लावा. नवा सीआर सेल ३.२ व्होल्टच्या आसपास दाखवतो. चिपला किमान २.३ लागतात, पण २.७ च्या खाली गेला की बदला. सेल बदलताना बोर्ड चालू ठेवा: तेवढा वेळ चिप मुख्य विजेवर राहते आणि मोजणी तुटत नाही. धातूचा चिमटा मात्र वापरू नका, लाकडी किंवा प्लॅस्टिकची काडी घ्या.

काढलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या आणि तोपर्यंत तो उंचावर, झाकणाच्या डब्यात ठेवा. संपलेल्या सेलमध्येही एवढा विजेचा दाब उरतो की लहान मुलाने गिळला तर अन्ननलिकेत अडकून दोन तासांत आत भाजू शकते. तशी नुसती शंका आली तरी उलटी काढायचा प्रयत्न न करता मुलाला थेट रुग्णालयात न्या, आणि सेलचे पाकीट सोबत घ्या.